न मरणारा तालुका

"आधी गाडीत घाला! लातूरला हलवा!" डॉ. संगमेश बिरादार सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातून ओरडले. स्ट्रेचरवरच्या नागुबाईला जोराची धाप लागली होती. तिचा नवरा केरबा स्ट्रेचरचा दांडा सोडायला तयार नव्हता.

"साहेब, हितंच बघा की. लातूर लई दूर पडतंय."

"सर, बेड रिकामा आहे. ऑक्सिजनही आहे," लायबा सिस्टर हळूच म्हणाल्या.

"ऑक्सिजन हवेतही असतो, सिस्टर. गाडी काढा!"

गाडी निघाली आणि डॉक्टरांना हायसं वाटलं.

आता डॉक्टर काही कसाई नव्हते. बोलणं गोड, हाताला गुण. पण बायको पोरीच्या नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहिली होती आणि हे नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला मेसचं पातळ वरण पीत बसले होते. पोरगी फोनवर विचारायची, "पप्पा, कधी येता?" लातूरची बदली हवी तर काहीतरी करून दाखवायला नको? त्यात वरती एक नवं खूळ निघालेलं. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांचे, तालुक्यांचे मृत्युदर शेजारीशेजारी मांडायचे. ज्याच्याकडं माणसं कमी मरतील तो शहाणा. आणि मरण धरायचं कुणाच्या खात्यात? जिथं मेला, तिथल्या!

हे कळलं आणि डॉक्टरांना साक्षात्कारच झाला. माणूस वाचवणं अवघड, हद्द ओलांडवणं सोपं. नांदेडला पाठवावं तर मरण आपल्याच जिल्ह्याच्या बोडक्यावर. लातूर कसं, परजिल्हा!

तेव्हापासून कुणाला जरा जास्त झालं की गाडी तयार. वर्षभर दवाखान्यात एक माणूस मेला नाही. यम दारातून हात हलवत परत जायचा. आढावा बैठकीत पडद्यावर सगळे तालुके लालपिवळे आणि बिरादारांचा तेवढा हिरवागार. शेजारच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी कानाशी लागून विचारलं, "असं कोणतं औषध देता राव?"

"टीमवर्क," बिरादार मान खाली घालून म्हणाले. लातूरकरांचा आकडा मात्र फुगत चालला होता. काय करणार, तिकडचं पाणीच वाईट असेल.

नागुबाईनं जिल्ह्याची हद्द ओलांडून अहमदपूरच्या पुढं गाडीतच डोळे मिटले. म्हणजे ती लातूरच्या खात्यात गेली. बाईचा जन्म हितला, सगळं नांदणं हितलं, मरण तेवढं परजिल्ह्यातलं. केरबा तिला घेऊन माघारी आला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मोठ्या ठिकाणी नेलं होतं, केरबा. आपण काही कमी केलं नाही." केरबानं त्यांना हात जोडले.

महिन्याभरानं ओपीडी ऐन भरात असताना डॉक्टरांचा मोबाइल वाजला. ऑर्डर निघाली होती. उत्कृष्ट कामाबद्दल लातूर, आणि वर बढती! डॉक्टर खुर्चीतून उठून थेट व्हरांड्यात आले. वयाचं भान राहिलं नाही.

"सिस्टर, पेढे मागवा! अहो, ऐकलंत का सगळ्यांनी? मी लातूरला चाललो!"

रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. अभिनंदन म्हणून कुणी करीना. आपल्यावर लोकांचा एवढा जीव होता? डॉक्टरांनीही खिशातून रुमाल काढला.

खोकल्याच्या औषधाला आलेला केरबा पुढं झाला. त्याचे डोळे डबडबले होते. त्यानं डॉक्टरांना दंडाला धरून अलगद बाकावर बसवलं.

"कधीपासून दुखायलंय, साहेब? बाईसाहेबांना बोलवून घ्या लवकर. लातूरला निघालेल्या माणसाचं तोंड आमच्यात जित्तेपणीच बघून घेतेत."