किराईताचा हात

बाईजाने लेकीच्या तोंडावर हात ठेवला, तेव्हा देवकीचं वाक्य अर्धंच झालं होतं. किराईताच्या ओल्या पाल्याने हिरवा झालेला हात. ओठांवर लगेच कडू चव उतरली.

“गप. ते बोलायचं नाय,” बाईजा म्हणाली आणि पुन्हा जुड्या बांधायला लागली.

देवकी मुरबाडच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आणि हिवतापाने आडवी झाली. आई रोज किराईताचा काढा करायची, आधी स्वतः घोटभर प्यायची, मग तिला पाजायची. आज ताप उतरला होता. बरं वाटतंय, एवढंच तिला सांगायचं होतं.

रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती. काढ्याने गावातला माणूस बरा झाला, तरी बाईजाला तसं सांगत नसे. वाटी घासून उंबऱ्यावर पालथी ठेवायची आणि निघून जायचं. दृष्ट लागू नये म्हणून असेल, अशी देवकीची समजूत होती. चार पुस्तकं वाचल्यावर ती रीत तिला थोडी वेडगळ वाटू लागली होती.

बाईजा खुशीत होती. शाळेतल्या पोरी पाढे म्हणत नसतील, तर एकेकीला काढा पाज, आपोआप तोंड उघडतील, असं म्हणून ती स्वतःच हसली.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर भात पाखडताना ती सूप घेऊनच खाली बसली. उठली नाही.

गाव अंगणात जमलं. तिरडी बांधून झाली. पण बाईजाचा धाकटा दीर काळूराम ती उचलू देईना. महायुद्ध सुरू झाल्यापासून शहापूरच्या दवाखान्यात हिवतापावरचं कोयनेल मिळत नव्हतं. घरोघर कोणी ना कोणी गोधडीत कुडकुडत होतं. किराईत काय, बांधाबांधावर उगवत होतं. पण ज्याच्या हाताला गुण आहे त्यानेच ते द्यावं, यावर गावाचा विश्वास होता, आणि तो गुण बाईजाच्या हाताला होता.

मग काळूरामने घरातली गोष्ट सांगितली. तरण्यांना ती माहीत नव्हती. बरं झालेल्या माणसाने ‘गुण आला’ असं देणारीला तोंडाने सांगितलं, की तो गुण सांगणाऱ्याच्या हातात जातो. मग तापाच्या दिवसांत त्या हाताला गाव सोडता येत नाही. दारात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. बाईजा नवी सून होऊन आली तेव्हा तापली होती. सासूने काढा दिला. बाईजाच्या माहेरी ही रीत नव्हती.

“वहिनी भोळी. आमच्या आयेला बोलली, आत्याबाय, तुमचा गुण आला. आय रडाय लागली. पोरीचं खेळायचं वय होतं. आता तिला घरातून काढायच्या आत कोन बोलल तर बोलल. नायतर हात तिच्यासंगं जाल.”

शेजारच्या सकुबाईने तोंड उघडलं, पण कडेवरच्या पोराकडे पाहून मिटलं. प्रत्येकाचं शेत होतं, गुरं होती, तानशाच्या धरणाकडची मजुरी होती. कोणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आई काल कशाला घाबरली होती, ते देवकीला आता कळलं. दर आश्विनात याच बाईने तिला तापातून उठवलं होतं. अंगात बळ आलं की वेणी घालून शाळेत पाठवलं होतं. पुढे शिकायला, मग शिकवायला. आणि एकदाही तिला तोंड उघडू दिलं नव्हतं.

ती उशाशी जाऊन बसली. शाळा सोमवारी उघडणार होती. तिने आईचा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“आये, मना तुझा गुण आला. दर वर्षी आला.”