धुवण आणि खळ

मुलगी पाहायला निघताना विश्रामने उरल्यासुरल्या केसांना तांदळाचे धुवण लावले. इंटरनेटवरील विदुषींनी त्यातून घनदाट अरण्याची हमी दिली होती. तीनदा नाकारल्या गेलेल्या चौतीस वर्षांच्या गृहस्थाने ती प्रमाण मानावी, यात नवल नव्हते. दुर्दैव इतकेच, की न्हाणीघरात पातेली दोन होती, आणि वडिलांच्या धोतरासाठी शिजवलेली खळ विश्रामच्या मस्तकी विराजमान झाली.

मुलीच्या घरी पोहोचेपर्यंत ती कडकडीत वाळली. केस खिळ्यांसारखे ताठ उभे राहिले.

“वाटेत वारा फार होता का हो?” मुलीच्या मामांनी अत्यंत आदराने विचारले.

आजवर टकलाला ‘भव्य कपाळ’ म्हणत आलेला विश्राम प्रथमच खरे बोलला. “खळ आहे. धुवण समजून लावली. केस वाढावेत म्हणून.”

मुलगी तडक उठून आत गेली. विश्रामच्या आईने चौथा नकार गृहीत धरून पिशवी उचलली.

मुलगी परतली, ती कोमट पाण्याचा तांब्या घेऊन.

“मोरीवर चला आणि वाका. ओढून काढलीत, तर आहेत तेवढेही जातील. आधी केस वाचवू. होकाराचं मग बघू.”