ताडपत्रीखालचं यंत्र

परदेशी पाहुणा चारा कापायच्या यंत्रांच्या रांगेपुढून फिरला आणि त्याने नकारार्थी मान हलवली. "एकाच्याही पात्यावर झाकण नाही. आमच्याकडे असला माल बंदरावरूनच परत जाईल."

कारखानदाराचं तोंड एवढंसं झालं. झाकण बसवलं की चारा सावकाश कापला जातो आणि गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जातं, म्हणून विकायच्या यंत्रांना तो ते लावतच नसे.

जाता जाता पाहुण्याने कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. त्या कोपऱ्याकडे कामगारसुद्धा पाठ करूनच बसायचे. खाली एक जुनं, गंजलेलं यंत्र होतं. वर्षानुवर्षं ते कुणी चालू केलं नव्हतं, पण त्याच्या पात्यावर जाड पत्र्याचं भक्कम झाकण होतं.

"अहो, मग हे काय लपवून ठेवलंय? अशीच यंत्रं हवीत मला, कंटेनर भरून!" पाहुणा हरखला. "हे झाकण सुचलं कुणामुळे?"

कारखानदार घाईघाईने ताडपत्री परत ओढू लागला. दारात उभी असलेली त्याची बायको शांतपणे म्हणाली, "माझ्यामुळे."

आणि तिने उजवा हात वर केला.



वर आली ती नुसती बाही.