एक दात मागे

"खूण जुळली का बघ गं. तुझे डोळे तरुण आहेत," अण्णा म्हणाले.

श्रीविद्याने टॉर्च जवळ नेला. मोटरसायकलच्या उघड्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट तेलाने चकाकत होता. त्याच्या दातेरी चाकावरची रेघ कडेशी अगदी एका ओळीत होती.

"जुळली, अण्णा."

"सरी. झाकण लाव मग."

झाकण लावायचा मान विद्याचा, हे ती सहा वर्षांची असल्यापासून ठरलेलं होतं. रघुपती अण्णांनी छत्तीस वर्षं कारखान्यात इंजिनं जोडली, आणि सुट्टीच्या दिवशी, पुढे निवृत्त झाल्यावर रोजच, बनशंकरीतल्या या घरापुढच्या अंगणात निम्म्या गल्लीची. इंजिन कुणाचंही असो, शेवटचं झाकण विद्याने बसवायचं. तोवर अण्णांनी आत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे. मग जेवण, मग तासभर आडवं व्हायचं. झाकणाच्या कडेची पेस्ट वाळल्याशिवाय किक नाही.

अण्णा ताटावर येऊन बसले तरी ती अंगणातच होती.

"एवढा वेळ? चार बोल्ट तर आहेत."

"एक खाली पडला होता," ती हात पुसत आत आली.

"कंप्यूटर बडवून बडवून बोटं बिघडली तुझी. बस. स्वल्प हुळी वाढ, आज आमटी बरी जमलीय."

दोन महिन्यांपूर्वी अण्णा सिग्नलला उभ्या गाडीवरून पडले होते. क्षणभर शुद्धच गेली होती. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. अण्णा म्हणाले, बघू. मारतहळ्ळीची भाड्याची खोली सोडून विद्या लॅपटॉपसकट इथे राहायला आली. गाडीचा विषय तिने काढला नाही. आई गेल्यापासून सकाळी गाडी काढून बाजारात एक फेरी मारणं, एवढंच अण्णांचं स्वतःचं असं उरलं होतं.

पडलेली गाडी तपासताना त्यांना जुना कॅमशाफ्ट झिजलेला दिसला. नवा घातला, आणि तिथून हे सुरू झालं. किक मारली की इंजिन धापा टाकायचं, कार्ब्युरेटरमधून फट्‌कन आवाज काढायचं आणि बंद पडायचं. अण्णांनी प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, टॅपेट पुन्हा मोजले. शेवटी झाकण उघडलं, तर कॅमशाफ्ट एक दात मागे. एक दात चुकला की व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात. कारखान्यात पहिल्या आठवड्यातले उमेदवार ही चूक करत. अण्णा स्वतःवरच हसले आणि नीट बसवून मोकळे झाले.

पुन्हा तेच. कॅमशाफ्ट फिरवणारी चेन सैल असेल, म्हणून जे. सी. रोडवरून नवी चेन आणली. आज तिसरी खेप होती.

चार वाजता त्यांनी किक मारली. इंजिनाने धाप टाकली. फट्‌. बंद.

अण्णांनी पाना उचलला. त्यांनी स्वतः झाकण काढलं आणि टॉर्च मारला.

"एक दात," ते म्हणाले.

मग स्टुलावर बसले. शेजारची अहल्या बाहेर आली, म्हणाली, "काय हो अण्णा, अजून रुसलीच आहे का?" त्यांनी नुसती मान हलवली.

"तू बघितलंस ना गं, जुळलेली होती?"

"बघितलं."

"मलाही दिसली होती. म्हणजे बंद करायच्या आधी माझाच हात लागतो कुठेतरी, आणि मला कळतसुद्धा नाही." त्यांनी तळवे उलटसुलट करून पाहिले. "डॉक्टर पडण्याचं म्हणाला. हातांचं नाही म्हणाला."

विद्याने तोंड उघडलं. मग म्हणाली, "चहा ठेवू?"

"ठेव."

संध्याकाळी अण्णांनी एकेक पाना पुसला, जुन्या धोतरात गुंडाळला आणि गाठ मारली. इंजिनाला हात न लावता वरून झाकण ठेवून दिलं.

"हे नागराजला दे. माझ्याजवळ ठेवून काय उपयोग?"

सोमवारी सकाळी अण्णा उठले नाहीत.

तेरावा झाल्यावर नागराज आला. मूळचा निपाणीचा, कारखान्यात अण्णांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचेही केस पिकले होते. धोतराचं गाठोडं त्याने कपाळाला लावलं. मग त्याच पान्यांनी गाडी उघडली आणि टॉर्च मारून थबकला. त्याने चेन काढली, चाक फिरवलं, रेघ कडेशी जुळवली.

"या विद्याक्का, झाकण लावा की. मान तुमचा."

"नको. तुम्हीच लावा."

अण्णांचा शिष्य तो, तासभर थांबला. मग किक मारली. पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. एकसारखा, गोल आवाज अंगणभर पसरला. अहल्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

नागराजने हळूच गाडी बंद केली.

"दुसरं कायबी नव्हतं बघा. एक दात." त्याने आवाज खाली आणला. "ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्याकडनं ही चूक, तीही तीन-तीनदा, अहल्याक्का सांगत होत्या. शेवटी हात गेला होता अण्णांचा. वयच ते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कारखान्यातल्या कुणाला मी हे बोलणार नाही."

विद्या गाडीजवळ गेली. तिने गरम झाकणावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बोला सगळ्यांना," ती म्हणाली. "अण्णांनी तिन्ही वेळा बरोबरच बसवला होता. ते हात धुवायला गेले की दात मी सरकवत होते."