खोलीतला प्लग

वायरमन बैठकीत नवा दिवा बसवत होता. घरातली सून पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "दादा, आमच्या खोलीतही एक प्लग बसवून द्याल? मोबाइल चार्जिंगला."

"देतो की, ताई. बोर्ड भिंतीपलीकडेच आहे, तिथूनच वायर ओढू. दहा मिनिटांचं काम."

"काही गरज नाही!" सोफ्यावरून सासू कडाडली. सुनेचा फोन तिच्याच शेजारी चार्जिंगला लावलेला होता. "राणीसाहेबांना खोलीत टेलिफोन एक्स्चेंज उघडायचंय! आमच्याकडे फोन इथेच चार्ज होतात, माझ्या डोळ्यांसमोर. तुम्ही दिवा लावा आणि वाटेला लागा."

सून खालमानेनं आत गेली. वायरमननं दिवा लावला. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम. पण जिना उतरताना त्याला राहवेना. त्यानं सासरी असलेल्या आपल्या लेकीला फोन लावला.

विहीणबाईंनी उचलला. "फोन इथे बाहेर चार्जिंगला आहे, व्याहीबुवा. ती कामात आहे. काय असेल ते मला सांगा ना."

लग्न झाल्यापासून तो हेच ऐकत होता आणि पोरगी चांगल्या वळणाच्या घरात पडली म्हणून चारचौघांत मिरवत होता.