जमिनीची माफी

ताईंनी लाकडी ठोकळ्यावर काठी मारली. "तैय्या तै!" मुलींच्या अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर उत्तर दिलं. भरतनाट्यमचा हा पहिलाच अडवू, म्हणजे पदन्यासाचा पहिला धडा; त्यात नुसते पाय आपटायचे. मुली अगदी जीव ओतून आपटत होत्या. ताईंचा जीव मात्र पोटाशी अडकला होता. सातव्या महिन्यातलं बाळ सकाळपासून हललंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच बोलावलं होतं आणि नवरा रिक्षा आणायला धावला होता. तोवर रिकामं बसवेना, म्हणून त्यांनी काठी हातात घेतली होती.

ठोके पडत राहिले. हळूहळू खोली धूसर झाली. आपण खोल पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी कुणी नाचतंय, असं त्यांना वाटू लागलं. बाळाला हे असंच ऐकू येत असेल का?

"ताई," छोटी मैथिली मधेच थांबली, "जमिनीला लागत नाही का हो?"

"लागतं ना. म्हणून तर आधी वाकून तिची माफी मागतो."

"मग ती करते माफ?"

इतकी वर्षं वाकून नमस्कार केला, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. ताईंनी पुन्हा काठी मारली. तैय्या तै.

आणि बरगडीखाली एक टाच आपटली. जरा उशिरा, लय चुकवून. मग पुन्हा एकदा, चांगली सणसणीत.

बाहेर रिक्षा थांबली.

"सांगा ना ताई, करते का माफ?"

"अगं, माफ कसली करतेय!" पोटावर हात ठेवून ताई म्हणाल्या, "ती तर या पायांचीच वाट बघत बसलेली असते."