बाराबंदीतलं पाकीट

पाकीट बाराबंदीच्या घडीतून निघालं.

गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. पांढरी बाराबंदी इस्त्रीला द्यायची म्हणून गुरुराजनं कपाटातून काढून झटकली, तर सिगारेटचं पाकीट फरशीवर पडलं. अर्धं भरलेलं. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजाबरोबर चालताना घालायच्या कपड्यात! आपली मजल इथवर गेली होती, या विचारानं त्यालाच लाज वाटली.

"किती जागी लपवून ठेवल्यात ओ तुमी?" शिवलीला दारातून म्हणाली.

"आठवंनाच झालंय बघ."

खरंच आठवत नव्हतं. आई होती तोवर तिच्या धाकानं तो लपूनछपून ओढायचा. आई गेली, चाळिशी उलटली, तरी लपवायची खोड गेली नव्हती. आधी स्कूटरच्या डिकीत एक पाकीट सापडलं, मग स्वेटरच्या खिशात, आता हे. दर वेळी वास नाकात भरायचा, आणि तो पाकीट मोरीत नेऊन भिजवून टाकायचा. आजवर त्यानं दहा वेळा सिगारेट सोडली होती आणि गल्लीनं दहाही वेळा त्याची चेष्टा केली होती. या वेळी कुणी हसत नव्हतं.

धाकट्या भावाच्या, विरेशच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. गुरुराजची जुळली. पुण्याच्या डॉक्टरांनी अट घातली, की दोन महिने सिगारेट पूर्ण बंद. एक जरी ओढली तरी ऑपरेशन पुढं जाणार.

"सोडली की," गुरुराज तिथल्या तिथं म्हणाला होता.

शिवलीला शेजारीच बसली होती. तिचे वडील हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला चालत गेले होते आणि चादरीत गुंडाळून घरी आले होते. तेव्हापासून दवाखान्याच्या वासानंही तिचे हात गार पडायचे. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमचा भाऊ. मी कोण न्हाई म्हननार?"

आणि विरेश तिला तरी कुठं परका होता? ती लग्न होऊन शुक्रवार पेठेत आली तेव्हा तो सातवीत होता. त्याच्या प्रत्येक परीक्षेला दही-साखर तिनंच त्याच्या हातावर ठेवली होती. आता ती दर सोमवारी न चुकता देवळात जाऊन यायची.

गुरुराजला तलफ एक वेळ सोसायची, भीती सोसायची नाही. ज्वारीच्या दुकानात बसल्या बसल्या छातीत धडधड सुरू व्हायची, तळहात ओले व्हायचे. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि याला वाटायचं, आत्ता आपण पडणार. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला असं होतंच. लांब श्वास घ्या, पाणी प्या, चालायला जा. संध्याकाळी शिवलीला त्याच्याबरोबर तळ्याकडं फेरी मारायला यायची. दुपारी दुकानात डबा घेऊन आली की त्याच्या खिशात लवंगा ठेवायची. कोपऱ्यावरची कासीमची टपरी चुकवायला त्यानं वाटच बदलली, तर तीही मुकाट्यानं लांबच्या वाटेनं चालायची.

"दादा, तुजी किडनी बसवल्यावर मलाबी तलफ यायची बग," विरेश पडल्या पडल्या चिडवायचा. डायलिसिसनं चेहरा पार उतरला होता, जीभ मात्र शाबूत होती.

"आली तर माज्याकडं ये. सोडायची कशी ते शिकवतो."

जत्रा झाली. पुण्याला तपासणीला जायच्या आदल्या दिवशी विरेशला धाप लागली. दुपारी त्यानंच दुकानात फोन करून सांगितलं, "आता बरं हाय, तू घाबरू नको." पण गुरुराजच्या छातीत जे सुरू झालं ते थांबेना. पाणी प्यायला. श्वास लांबवून बघितला. लवंग चावली. उद्या तपासणी, मग ऑपरेशन, आणि आपण टेबलावरून उठलोच नाही तर? घाम पुसायला फडकं हवं म्हणून त्यानं गल्ल्याखालचा खण ओढला.

खणात पाकीट होतं. शेजारी काडेपेटी.

त्यानं एकच ओढली. धूर आत गेला, छाती शांत झाली, आणि त्याला रडू कोसळलं.

खोटं बोलणं त्याला जमलं नाही. पुण्यात तपासणीच्या आधीच त्यानं डॉक्टरांना सांगून टाकलं. ऑपरेशन दोन महिने पुढं गेलं.

घरी येऊन त्यानं हे सांगितल्यावर शिवलीला देव्हाऱ्यापुढं डोकं टेकून कितीतरी वेळ रडली. त्याला मात्र एका शब्दानं बोलली नाही. उठली, चूल पेटवली, गरम भाकरी वाढली. "जाऊ द्या, मानूस हाय," म्हणाली. अशी बायको मिळायला पुण्य लागतं, असं त्याला खाली मान घालून जेवताना वाटलं.

"दोन म्हैन्यात मी कुटं पळून चाललोय?" विरेश म्हणाला.

महिनाही निघाला नाही. डायलिसिस चालू असतानाच तो गेला. शिवलीला "माजं लेकरू, माजं लेकरू" म्हणत ऊर बडवून घेत होती, पेठेतल्या बायकांना आवरेना. माती देऊन माणसं परतली तेव्हा ती बेशुद्ध होती. गुरुराजला रडूही आलं नाही. एका सिगारेटसाठी आपण भाऊ घालवला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणी तोंडावर बोलत नव्हतं, त्याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा.

सगळे विधी उरकल्यावर एका सकाळी तो वाट न बदलता सरळ कासीमच्या टपरीवर गेला. आता कुणासाठी सोडायची?

"लई वाईट झालं, अण्णा," कासीम म्हणाला. "सोन्यासारकं पोरगं." मग न विचारताच त्यानं नेहमीचं पाकीट काढून पुढं ठेवलं.

गुरुराज त्या पाकिटाकडं बघत राहिला. "मी सोडली होती, कासीम," तो म्हणाला. का सांगावंसं वाटलं कुणास ठाऊक. "त्याच्यासाठी सोडली होती. एकदाच घसरलो."

कासीम कसनुसा हसला.

"माज्यापाशी कशाला लपवता, अण्णा? दर सोमवारी देवळातनं येताना वहिनी नेत होत्या की तुमचं पाकीट."